तुमचा बाबा कोपरगावात का जन्मला

इरा, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू बाबाचा पासपोर्ट उघडून मला विचारलंस, की आजी, तू लग्नानंतर कायम पुण्यात राहिलीस, मग बाबाच्या जन्मस्थळापुढे कोपरगाव कसं? मी म्हटलं, "कोपरगाव माझं माहेर, म्हणून." तुझं समाधान झालं नाही, आणि अन्वय मागून म्हणाला, की हे काही उत्तर झालं नाही. त्याचं बरोबर होतं. पुरतं उत्तर सापडायला मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी पाच दिवस नगर जिल्हा फिरावा लागला आणि एका सिस्टरकडून चार शब्द ऐकून घ्यावे लागले. परत येऊन पंधरा दिवस झाले. कपडे धुऊन झाले, कागद फायलीत लागले, आता लिहायला बसले आहे.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. माझ्या तोंडी अजून नगरच येतं, तेवढं समजून घ्या.

मी तिथे का गेले, ते आधी सांगते. दवाखाने, औषधं, सिस्टर यांच्यावर सरकार दरवर्षी पैसे खर्च करतं. ते सगळीकडे पुरत नाहीत. मग कुठे किती द्यावेत हे ठरवायला सरकार सल्लागार नेमतं. मी नोकरीची सगळी वर्षं हाच विषय शिकवला. माझी जुनी विद्यार्थिनी मृणाल आता अशा सल्लागारांच्या तुकडीची प्रमुख आहे, आणि तिने मला या कामाला बोलावलं. प्रश्न एकच होता. खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात बाळंतपणाची एक खोली असते. काही खोल्या सदा गजबजलेल्या, तर काही रिकाम्या. रिकाम्या बंद करून त्यांचा पैसा गजबजलेल्या खोल्यांना द्यायचा, असा सरकारचा विचार होता. रिकाम्या कुठल्या, त्याची यादी मी पुण्यात बसून केली. माझ्या याद्या चुकत नाहीत असा माझा लौकिक आहे. त्यामुळे हा प्रवास म्हणजे मृणालच्या मते नुसती खातरजमा होती, आणि माझ्या मते थोडी सहल.

पारनेर

गाडी चालवायला भाऊसाहेब होते, नगरचेच. पन्नाशीचे, मिशा मोठ्या, बोलणं त्याहून मोठं. शिरूर ओलांडेपर्यंत ते गप्प होते. मग आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, की मावशी, तुमी डॉक्टर का? मी म्हटलं नाही. मग नर्स? नाही. मग सरकारी? तेही नाही.

"मंग दवाखान्यात तुमचं काम काय?"

मी त्यांना खर्चाच्या वाटपाचं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आजारी कुनी पडायचं ते पडलं, औषिध द्यायचं ते दिलं. तुमी फकस्त इचारायला आल्या." मृणाल इतकी हसली की तिच्या मांडीवरचा लॅपटॉप घसरला.

पारनेर तालुका थंडीत बघावा. पावसाच्या भरवशावरची शेती, त्यामुळे हिरवं कमी, पण ज्वारी उभी होती आणि ऊन कोवळं होतं. उपकेंद्राच्या शेजारच्या शेतकऱ्याने आम्हाला हुरड्याला बसवलं. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळून फुंकर मारायची, आणि तो हिरवा गरम दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचा. अन्वय, तुम्ही तिकडे मेलबर्नला मक्याचं कणीस खाता ना, ते विसर. मृणालने पहिला घास घाईत तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली.

त्या उपकेंद्राची खोली माझ्या यादीत रिकामी होती, आणि ती खरोखरच रिकामी निघाली. टेबलावर लसींचे डबे ठेवले होते. तिथल्या सिस्टरनेच सांगितलं, की रस्ता चांगला झाल्यापासून बायका सरळ पारनेरला जातात, इथे कुणी थांबत नाही. मी यादीत त्या नावापुढे बरोबरची खूण केली. मला फार बरं वाटलं.

कोपरगाव

दुसऱ्या दिवशी कोपरगाव. गोदावरीकाठी शिरताना मळीचा वास आला आणि मी खिडकीची काच खाली केली. मृणालने तिच्या बाजूची वर केली. तुमच्या पणजोबांच्या घराला बारा महिने हा वास असायचा. गाळपाचा हंगाम होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि कारखान्याच्या पलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतून ही माणसं दिवाळीनंतर बायकामुलांसकट येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

या माणसांचा मी आधीच विचार केला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. घर एकीकडे, मुक्काम दुसरीकडे, म्हणून ती कुठल्याच गावाच्या हिशेबात धरली जात नाहीत. मी त्यांच्यासाठी यादीत वेगळा रकाना केला होता. कोप्यांजवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टरने तो पाहिला आणि म्हणाली, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला हे सुचलं. गाडीत बसल्यावर मृणालने मला "शाबास सुधाताई" म्हटलं. मी ते दोनदा म्हणू दिलं.

जेवायला माझ्या माहेरी गेलो. भाऊ आता नाही, वहिनी आहे. तिने मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या वड्या, आत खोबरं-तिळाचं सारण, आणि बाजूला झणझणीत रस्सा. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला अजून "वन्सं" म्हणते आणि अजून टोमणे मारते. मृणालला तिने सांगितलं, की आमच्या वन्सं सरकारला सल्ला देतात, पण यांना सल्ला द्यायला अजून कुणी जन्माला यायचंय. मग तिने मागची खोली दाखवली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, सातव्या महिन्यात मी पुण्याहून इथे आले, आणि बाबा सव्वा महिन्याचा झाल्यावर परत गेले. त्या खोलीत आता वहिनीची शिवणाची मशीन आहे. बाबा जन्मला तो सरकारी दवाखाना तिथून चार गल्ल्या पलीकडे. हे सगळं मी मृणालला हौसेने दाखवलं, आणि त्यातून मला काहीही सुचलं नाही. हे लक्षात ठेवा.

राजूर आणि वर

तिसऱ्या दिवशी संगमनेर, अकोले करत राजूर गाठलं. राजूर हे डोंगरातल्या गावांचं बाजाराचं गाव. तिथले पेढे घेतल्याशिवाय भाऊसाहेब गाडी पुढे नेईनात. पेढा मिट्ट गोड नाही, खमंग भाजलेला. मी एक पुडा तुमच्यासाठी म्हणून घेतला आणि तो घाटातच संपला.

पुढे हिरडवाडी. रस्ता अर्ध्यावर संपतो, नंतरचा चढ पायी. एका बाजूला हिरड्याची झाडं, दुसऱ्या बाजूला भात काढून झालेली खाचरं. निम्म्या वाटेवर माझ्या नव्या कोऱ्या बुटाचा तळ सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. पुण्यातल्या दुकानदाराने हे बूट हिमालयात चालतात असं सांगितलं होतं. तशीच फटक-फटक करत मी उपकेंद्राच्या दारात पोचले.

हिरडवाडी माझ्या यादीत सगळ्यात वर होती. वर्षभरात फक्त तीन बाळंतपणं. इतकी रिकामी खोली अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती. हिचं बाळंतपणाचं टेबल राजूरला हलवायचं, असं ठरल्यातच जमा होतं. परवा नगरला बैठक, तिथे यादीवर सही झाली की पत्र निघणार.

तिथल्या साळवे सिस्टर कोपरगाव तालुक्यातल्या, चाळिशीच्या, अंगाने किरकोळ. पंधरा वर्षं इथे राहतात. उपकेंद्राच्या मागेच त्यांची खोली, दाराशी बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तुळशीच्या जागी गवती चहा. त्यांनी आधी माझा पाय पाहिला, मग बूट पाहिला, आणि दवाखान्यातल्या बँडेजने बुटाचा तळ घट्ट बांधून दिला. म्हणाल्या, "पायापेक्षा याला जास्त लागलंय."

मग मी त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती सावकाश वाचली. भांडल्या नाहीत.

"हे तीन कोण, ते मी नावानिशी सांगते मॅडम. बाकीच्यांचं काय केलं तुम्ही?"

मी विचारलं, बाकीचे कोण. त्यांनी कपाटातून बाळंतपणाचं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. पानामागून पान भरलेलं होतं. बाईचं नाव, वय, पत्ता, वार, वेळ, मुलगा की मुलगी, वजन. पत्त्याच्या रकान्यात इगतपुरी, सिन्नर, जुन्नर, संगमनेर, कुठकुठली गावं होती. हिरडवाडी मात्र तीनदाच.

मला अजून उमगेना. खोलीच्या दाराशी एक मुलगी बसली होती, दिवस भरत आलेले, आणि शेजारी तिची आई हौसाबाई. मुलीचं नाव सुमन, दिली होती इगतपुरीकडे. मी विचारलं, इतक्या लांबून इथे कशी आलीस? तिच्याऐवजी हौसाबाईच बोलल्या. "पयलं हाय. पयलं आईकडंच व्हतं न्हवं? सासरी कोन करनार तिचं?" आणि माझ्याकडे असं बघितलं, की एवढी पांढऱ्या केसांची बाई, हिला एवढंही ठाऊक नाही.

साळवे सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमचं पहिलं कुठं झालं?"

"कोपरगावला," मी म्हटलं.

"आणि दवाखान्यात पत्ता कुठला लिहिला असेल?"

पुण्याचा. लग्न झालेल्या बाईचा पत्ता सासरचा, तो तसाच लिहायचा असतो, तसाच मीही तेव्हा सांगितला होता. आणि पुण्यात बसून जिल्ह्याची बाळंतपणं मी कशी लावली होती? त्या पत्त्याप्रमाणे. या खोलीत जन्मलेली पोरं मी एकेक करून त्यांच्या आयांच्या सासरच्या गावी पाठवून दिली होती. हिरडवाडीच्या वाट्याला राहिल्या त्या तीन सुना, ज्यांचं दुसरं-तिसरं होतं आणि ज्या माहेरी गेल्या नाहीत. कोयता घेऊन सहा महिने बाहेर जाणाऱ्या बायका मला सुचल्या. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या सुचल्या नाहीत, आणि मी स्वतः त्यांतलीच.

मी मृणालकडे पाहिलं. तिला मुलगा आहे. तो सोलापूरला तिच्या आईकडे झाला.

हौसाबाईंना खोली बंद होणार हे कुठूनतरी कळलं होतं. त्या मला म्हणाल्या, "राजूर लांब न्हाई बाई, पर गाडी वर येत न्हाई. डोलीत घालून खाली न्यायची म्हंजी निम्म्या वाटंत पोर हातात येतं. माझं थोरलं तसंच झालं. ऱ्हायलं न्हाई."

हे त्यांनी भाकरी कुठल्या पिठाची ते सांगावं तसं सांगितलं. सुमन खाली बघत होती.

दुपारी साळवे सिस्टरनी आम्हाला जेवू घातलं. काळभाताचा मऊ सुवासिक भात, कुळथाचं कढण, खुरासणीची चटणी. जेवताना मृणालने हळू आवाजात मांडणी केली. अहवाल छापून गेलाय. बैठक परवा आहे. आपण हिरडवाडी तेवढी वगळू, बाकीचं नंतर सुधारू.

मी म्हटलं, "एक चूक आहे म्हणजे सगळीकडे तीच आहे. अशी यादी मी सहीला जाऊ देणार नाही."

"एका दिवसात कसं होईल ताई?"

साळवे सिस्टर वाढता वाढता म्हणाल्या, "आम्हा सिस्टर लोकांचा ग्रुप आहे ना मोबाईलवर."

राजूर, मुक्काम

चौथा दिवस मी आयुष्यातल्या उत्तम दिवसांत धरते. राजूरच्या विश्रामगृहाच्या ओसरीत आम्ही दोन टेबलं जोडली. साळवे सिस्टर रजा टाकून सकाळीच खाली आल्या. त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की आपापल्या रजिस्टरच्या वर्षभराच्या पानांचे फोटो काढून पाठवा, बायकांची नावं झाका, घाई आहे, खोलीचा प्रश्न आहे. पहिला फोटो चहा यायच्या आत आला. मग ते थांबेचनात. मृणालचा मोबाईल गरम झाला, भाऊसाहेबांचा घेतला, तोही भरला. जिथे रेंज नव्हती तिथल्या सिस्टर टेकडीवर चढून आकडे तोंडी सांगत होत्या आणि मागे बकऱ्या ओरडत होत्या.

भाऊसाहेबांनी पानं वाचायचं काम मागून घेतलं. ते मोठ्याने वाचत, मी लिहीत असे. मध्येच एका पानावर झाकायचं राहिलेलं नाव वाचून ते थबकले आणि म्हणाले, "मावशी, ही तर आमच्या मेव्हनीची सून." मग स्वतःशीच हिशेब करून, "व्हय, तिकडंच गेल्ती ती, आईकडं."

ऊन उतरायच्या आत नवी यादी तयार झाली. जन्म जिथे झाला, तिथे मोजलेली. बऱ्याच खोल्या बंद होण्यातून सुटल्या. पारनेरची खोली पुन्हा तपासली, ती रिकामीच राहिली. आणि कोपरगावकडची एक, जी मी गजबजलेली म्हणून मिरवत होते, ती खाली घसरली, कारण तिथल्या सुना बाळंतपणाला भलतीकडेच जात होत्या. तिथल्या सिस्टरला मी स्वतः फोन करून सांगितलं. ती नाराज झाली, आणि तिने फोन लवकर ठेवला. तेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल की आजीने सगळ्यांनाच खूश केलं.

नगर

बैठकीला माझ्या पायात साळवे सिस्टरच्या पांढऱ्या चपला होत्या. बूट बँडेजसकट राजूरला टाकून दिले होते.

लांब टेबल, बिस्किटांच्या बश्या, जिल्ह्याचे अधिकारी, आणि मध्यभागी मुंबईहून आलेले मोठे साहेब. त्यांच्यापुढे जुना छापील अहवाल होता आणि मृणालने वाटलेली नवी यादी. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. म्हणाले, की दोन दिवसांत यादी उलटीपालटी होत असेल तर सरकारने विश्वास कशावर ठेवायचा?

मृणाल उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि उभी राहिले. सांगितलं, की चूक माझी आहे, आणि ती कशी झाली हे सांगायच्या आधी एक प्रश्न विचारते.

"या खोलीत आजोळी कोण कोण जन्मलंय? हात वर करा."

आधी कोपऱ्यातल्या एका तालुका अधिकाऱ्याने हात वर केला. मग त्याच्या शेजारच्या बाईंनी. मग एकदम सगळीकडून हात वर आले. बिस्किटं ठेवणारा शिपाईही हात वर करून उभा राहिला. साहेब सगळ्यांकडे बघत होते. शेवटी त्यांनी टेबलावरून कोपर न उचलता पंजा वर केला.

"मी थोरला," ते म्हणाले. "मामाच्या गावी."

"आणि तुमच्या आईंचा पत्ता?"

ते हसले. नंतर फार बोलावं लागलं नाही. मी रजिस्टरची पानं पडद्यावर दाखवली, हिरडवाडीचा चढ सांगितला, हौसाबाईंचं नाव न घेता त्यांचं थोरलं सांगितलं. साहेबांनी जुना अहवाल बंद करून बाजूला सरकवला आणि नवी यादी पुढे घेतली. जिथे बाळ जन्मतं तिथे पैसा, असं त्यांनी लेखनिकाला लिहायला सांगितलं. सही तिथेच केली. हिरडवाडीचं टेबल आहे तिथेच राहणार.

बाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी विचारलं, की काय झालं? मी सांगितलं. त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं, जे पाच दिवसांत त्यांनी एकदाही केलं नव्हतं. "म्हंजी इचारायला आलेल्या, पर बरं इचारलं तुमी," ते म्हणाले.

पुन्हा पुणे

इरा, तुझ्या वेळी तुझ्या आईला माहेरी येता आलं नाही. म्हणून तुझी दुसरी आजी डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घेऊन मेलबर्नला आली, कस्टमच्या माणसाला तिने लाडूचा वास देऊन पटवलं, आणि तीन महिने राहिली. तिकडे नवरा बाळंतपणाच्या खोलीत आत उभा असतो, हे तिला फार आवडलं. हिरडवाडीत अजून आईच दाराशी बसते.

परत आल्या आल्या चपला धुऊन, नव्या चपलांच्या जोडीबरोबर साळवे सिस्टरना पाठवल्या. काल त्यांचा फोन आला. म्हणाल्या, चपला मिळाल्या, नव्या एक नंबर मोठ्या आहेत, चालतील. मग म्हणाल्या, सुमन मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप. हौसाबाईंनी वाडीभर गूळ वाटला.

मी विचारलं, "पत्ता काय लिहिला?"

"सासरचाच लिहिला मॅडम. पत्ता सासरचाच असतो. पण शेजारी पट्टीने एक रकाना आखलाय."

त्यांनी पाठवलेला त्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. शेवटचा रकाना बघा. सुमनच्या लेकीपुढे त्यात लिहिलंय, जन्म हिरडवाडी. बाबाच्या पासपोर्टवर कोपरगाव आहे ते याच रकान्यातलं.

अन्वय, आता सांग, झालं का उत्तर?

— आजी